अडीच इंचाचा हिशेब

आमच्या जळगावच्या पाइपांच्या दुकानात ६३ मिलिमीटर म्हणजे दोन इंची. ७५ म्हणजे अडीच, ९० म्हणजे तीन, ११० म्हणजे चार. गिऱ्हाईक धरणगावचं असो की पारोळ्याचं, मिलिमीटरमध्ये कोणी बोलत नाही. ‘दोन इंची, सहा किलोचा, वीस नग’ एवढं ऐकलं की गडी ६३ चे वीस पाइप छोट्या हत्तीत चढवतो. पीव्हीसीचं माप बाहेरून घेतात, भिंतीची जाडी त्यातच आली. त्यामुळे पाण्याची वाट ६३ पेक्षा कमीच, आणि किलो, म्हणजे पाइप सोसतो तो दाब, वाढले की भिंत जाड होऊन वाट आणखी आवळते. हे गिऱ्हाइकाला समजावत बसावं लागत नाही. विहीर बांधापासून लांब असलेल्या शेतकऱ्याला पाइपातलं जेवढं कळतं, तेवढं पुस्तक वाचून कळायला फार दिवस लागतील.

आप्पा अग्निशमन दलातून निवृत्त झाले आणि दुपारचे आमच्या दुकानात येऊन बसायला लागले. हयात बंबावर गेलेली. एकदा बोलता बोलता म्हणाले, ‘आमचा होज पाइप ६३ चा. अडीच इंची.’ मी विचारलं, माप आतून की बाहेरून? आप्पा हसले. ‘आतून. रिकामी असली की चपटी पट्टी असते ती, बाहेरून मोजणार कुठून?’ तिथून मला या नळ्यांचा नाद लागला. एकाच आकड्याच्या दोन नळ्या, एक आमच्या मांडवात उन्हात पडलेली, दुसरी बंबाच्या कप्प्यात गुंडाळून ठेवलेली, आणि दोघींच्या पोटात मावणारं पाणी वेगळं.

पण अडीचच का? तीन का नाही, दोन का नाही?

पाणी आगीवर नेण्याची खरी सोय झाली ती सतराव्या शतकात, ॲमस्टरडॅममध्ये. यान व्हान डर हेयडन हा शहराची चित्रं काढणारा नावाजलेला चित्रकार. त्याने आणि त्याच्या भावाने १६७२ च्या सुमारास कातड्याची शिवलेली नळी पंपाला जोडली. त्याआधी पंपावर एक आखूड, वाकडी तोटी असायची. पंप जितका जवळ ढकलता येईल तितका ढकलायचा आणि बाहेरून पाणी फेकायचं, भिंतीवर पडलं तर भिंतीवर, छपरावर पडलं तर छपरावर. कातड्याच्या नळीने पंप लांब राहिला आणि माणूस दारातून आत शिरला. या भल्या गृहस्थाने पुढे १६९० साली मुलाला बरोबर घेऊन आपल्या पंपांवर सचित्र पुस्तकही काढलं. चित्रकाराचा हात असल्यामुळे जळकी घरंसुद्धा त्यात वीट न् वीट मोजून काढलेली आहेत.

कातडं शिवलं की शिवणीतून पाणी गळणार, आणि दाब वाढवला की शिवण उसवणार. यावर फिलाडेल्फियातल्या लोकांनी १८०८ च्या सुमारास तोडगा काढला. दोरा काढून टाकला आणि कातड्याच्या कडा तांब्याच्या रिव्हेटांनी ठोकल्या. दाब सोसणारी नळी मिळाली, पण ती वजनाला भारी आणि सतत तेल-चरबी मागणारी. सुकली की तडकली. आमच्या भुसावळच्या मे महिन्यात तिचं काय झालं असतं याची कल्पना करवत नाही.

पुढे ताग-जवसाच्या जातीच्या धाग्यांची विणीव नळी आली. ती कोरडी असताना झिरपते, मग धागे फुगतात आणि आपोआप छिद्रं बुजतात. आणि मग रबर. १८७० साली अमेरिकेत ॲक्रन गावी सुरू झालेल्या गुडरिच कंपनीच्या पहिल्या मालात आगीच्या नळ्या होत्या. आतून रबराचं अस्तर, बाहेरून सुती विणीचा झगा. हे वाचलं तेव्हा मी आप्पांना म्हटलं, म्हणजे आपल्या जिनिंगमधली, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातली, आग विझवायला पुन्हा कापूसच. १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडे भाव आभाळाला भिडले. खान्देशात कपाशीचं पीक पसरलं, रेल्वे आली, जिनं आली, जळगाव वाढलं. युद्ध संपल्यावर पाचच वर्षांत तिकडे सुती नळ्या विणायला घेतल्या.

सुती नळीचा जाच मात्र आप्पांनी स्वतः सोसलाय. आग विझवून परत आलं की माणसं आंघोळीला जाण्याआधी नळी धुवायची, ब्रशने घासायची आणि मनोऱ्यावर उंच टांगून सुकवायची. ओली गुंडाळली की बुरशी धरते, वीण कुजते, आणि कुजलेली जागा कुठे कळते? आगीवर. अग्निशमन केंद्रात उंच मनोरा दिसतो तो नुसत्या शिडीच्या सरावासाठी नाही, नळ्यांच्या वाळवणासाठीही आहे. आता पॉलिएस्टरच्या विणीमुळे हे काम पुष्कळ हलकं झालंय. पण आप्पा अजूनही आमच्या दुकानातला लपेटा पाइप कोणी घडी घालून ठेवला की उठतात, घडी मोडतात आणि दुसऱ्या जागी घालतात. तीच घडी पुन्हा पुन्हा पडली की तिथेच चीर जाते म्हणतात.

आता अडीच इंचाकडे येतो. पंधरा मीटर लांबीच्या ६३ च्या नळीत पाणी भरलं की ते ४७ लिटर होतं. म्हणजे ४७ किलो नुसतं पाणी, नळी वेगळी. तेवढीच लांब ३८ ची घेतली तर १७ लिटर. १०० ची घेतली तर ११८ लिटर. ती एकदा भरली की जिथे आहे तिथेच, चौघांनी ओढली तरी वळणार नाही. म्हणून शंभरच्या, सव्वाशेच्या नळ्या आग विझवायला कोणी हातात धरत नाही. त्या रस्त्यावरच्या नळकोंड्यापासून, म्हणजे हायड्रंटपासून, बंबापर्यंत पाणी आणतात, आणि अमेरिकेतल्या शहरांमध्ये त्यांचा प्रसार गेल्या पन्नास-साठ वर्षांतला आहे.

लहान नळी घ्यावी तर दुसरी अडचण. हे आमच्या धंद्यातलं असल्यामुळे ठणकावून सांगतो. पाणी तेवढंच न्यायचं आणि नळी बारीक करायची, तर घर्षणात जाणारा दाब व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. ६३ च्या जागी ३८ लावली, तर व्यास निम्म्यापेक्षा जास्तच आहे, तरी दाबाचं नुकसान बारा पटींवर जातं. मिनिटाला ४०० लिटर पाणी ३० मीटर न्यायचं असेल तर ६३ च्या नळीत दाब जातो पंधरा शतांश किलो, धरून न धरल्यासारखा. ३८ च्या नळीत जातो जवळजवळ दोन किलो. शेतकऱ्याला पाचवा घात माहीत नसतो, पण दोन इंची पाइप टाकून शेवटच्या वाफ्याला पाणी पोचलं नाही की पुढच्या हंगामात तो अडीच इंची मागायला येतो, आणि येताना ज्याने दोन इंची घ्यायला सांगितलं त्याचा उद्धार करत येतो.

अमेरिकेत जॉन फ्रीमन नावाच्या इंजिनियरने १८८० च्या दशकाच्या शेवटी नळ्या, तोट्या, दाब, धार यांचे शिस्तशीर प्रयोग केले. चांगली कामाची धार म्हणजे मिनिटाला अडीचशे गॅलन, आपल्या साडेनऊशे लिटरच्या आसपास, असा हिशेब त्यातून बसला. एवढं पाणी शेदीडशे फूट नेऊन दाब उरवायचा तर अडीच इंच लागतात. आणि अडीच इंचाच्या वर गेलं तर माणसाला नळी आवरत नाही. साडेतीन किलो दाबाने मिनिटाला हजार लिटर सोडणारी धार धरणाऱ्याला जवळजवळ ४५ किलोच्या जोराने मागे रेटते. आप्पा उभे राहून दाखवतात: उजवी काख घट्ट, नळी कमरेला दाबलेली, पुढचा पाय वाकलेला, आणि मागे दुसरा माणूस खांदा लावून. ‘एकट्याने धरायची नसते. सुटली तर बापाला ओळखत नाही.’ सुटलेल्या नळीच्या पितळी तोंडाने जबडे फुटल्याच्या गोष्टी प्रत्येक केंद्रात असतात.

एवढं सगळं ऐकून माझी समजूत अशी झाली होती की आग मोठी तर नळी मोठी. ती समजूत आप्पांनी एका जिनिंगच्या गोष्टीने काढून टाकली.

फेब्रुवारी. हंगाम भरात. आवारात मोकळ्या कापसाच्या गंजी, एका शेडमध्ये रुई, पलीकडे बांधलेल्या गाठी. कापसाबरोबर एखादा खडा, तारेचा तुकडा आत जातो, रोलरवर घासतो, ठिणगी उडते. जिनिंगच्या आगींचं हे नेहमीचं कारण. मोकळा कापूस पेटतो तो आधी वरवर. गंजीच्या अंगावरून ज्योत वाऱ्यासारखी सरकत जाते, या टोकापासून त्या टोकाला, आणि मागे काळपट पिवळा थर सोडते. पहिला बंब पोचला. नवखा जवान, ६३ ची नळी, सरळ धार, पूर्ण दाब. धार गंजीवर बसली आणि कापसाचे पेटते गोळे उडाले, ते थेट शेजारच्या न पेटलेल्या गंजीवर. आप्पा ओरडले, ‘धार बंद कर रे भो, फवारा कर!’ पाणी कमी केलं, तोटी फिरवून फवारा केला, पुढे न जाता बाजूने पाणी पसरवत आले, तेव्हा ज्योत बसली.

तोवर दुसरं संकट. बंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटर. मिनिटाला हजारने सोडलं तर साडेचार मिनिटं. रस्त्यावर नळकोंडं नाही. आवारातली टाकी अर्धी, आणि तिच्या तोंडाला यांची जोडणी बसेना. बंब भरायला माघारी गेला आणि जवान रिकामी नळी हातात धरून उभे. मालक काय काय बोलले ते आप्पा सांगत नाहीत, पण ते सांगताना आजही त्यांचे कान लाल होतात.

आणि गाठी. दाबून बांधलेली गाठ, सुमारे १७० किलोची. बाहेरून विझलेली दिसते, आत धुमसत राहते. कच्च्या रुईवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, साधं पाणी त्यावरून ओघळून जातं, आत जिरत नाही. मग जेसीबीने एकेक गाठ ओढून मोकळ्यावर नेली, पट्ट्या तोडल्या, फावड्याने फोडली आणि बारीक नळीने थोडं थोडं पाणी मारलं. हे काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चाललं. त्याला अडीच इंची नळीचा काडीचा उपयोग नव्हता. बंबाच्या बाजूला चक्रीवर गुंडाळलेली रबराची हातनळी असते ना, पाऊण-एक इंचाची, तीच सगळा वेळ चालली. एकटा माणूस धरतो, दमला की दुसऱ्याला देतो.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो १४ एप्रिल १९४४ च्या आठवणीचा. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजात स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या. गाठींना आग लागली, जवानांनी पाण्याचा मारा केला, आणि चार वाजून गेल्यावर जहाज उडालं. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. आप्पांच्या केंद्रात त्या दिवशी सकाळी परेड व्हायची. डांबर वितळायच्या आत उरकायची म्हणून सातलाच.

बारीक नळीला बळ दिलं ते फवाऱ्याने. एक लिटर पाणी उकळून वाफ झालं की १७०० लिटरच्या आसपास जागा व्यापतं, आणि पाण्याची उष्णता खेचण्याची खरी ताकद त्या वाफ होण्यात आहे. जमिनीवर वाहून गेलेलं पाणी फुकट. थेंब बारीक केले की तेवढ्याच पाण्याची जास्त वाफ होते. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवरच्या आगींत हे पुरतं लक्षात आलं आणि युद्धानंतर अमेरिकेत शहरांच्या दलांनी दीड इंची नळी आणि फवाऱ्याची तोटी उचलली. दोघांऐवजी एक जण, भरलेली नळी जिन्याने वर नेता येते, बंबाची टाकी पुरून उरते. अडीच इंची मागे पडली असं वाटण्याइतकी ही चाल पसरली.

मग १९७० च्या दशकात तिकडे पावणेदोन इंचाची नळी आली. दीड इंचाने भागेना, अडीच इंच ओढवेना, म्हणून मधली. भागेना याचं मोठं कारण घरातल्या वस्तू. लाकूड आणि कापूस जळताना किलोमागे १७-१८ मेगाज्यूल उष्णता देतात. गादीतला फोम २५ च्या आसपास. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन चाळिसाच्या वर.

हे आकडे मी जळगावात बसून वाचतो तेव्हा माझं लक्ष दुकानाबाहेर जातं. आमचं गाव कापसाचं होतं, अजूनही आहे. पण आज औद्योगिक वसाहतीत चक्कर मारली तर पॉलिप्रॉपिलीनच्या चटया, ठिबकच्या काळ्या पॉलिथिलीन नळ्यांची वेटोळी, दाण्यांची पोती. माझ्याच मांडवात ठिबकची वेटोळी छतापर्यंत. माझा पीव्हीसी पाइप निदान सहजी पेट घेत नाही, धूर मात्र विषारी सोडतो. ठिबकची नळी वितळते, पेटते, ठिबकते आणि तो थेंब जळतच खाली पडतो. दुकानाचा विमा काढणाऱ्याने मला आग विझवायच्या लाल सिलिंडरांची संख्या विचारली, आत काय ठेवलंय ते विचारलं नाही. मी आपणहून वेटोळी तीन ढिगांत विभागली आणि मधे चालायला वाट ठेवली. आप्पांचं म्हणणं, वाट माणसाला नाही, नळीला ठेवायची असते. नळी काटकोनात वळत नाही.

जोडणीचं सांगायचं राहिलं. फेब्रुवारी १९०४ मध्ये अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर जळालं. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब रेल्वेने धावून आले. पाणी होतं, माणसं होती, नळ्या अडीच इंचीच होत्या, पण आटे जुळेनात. दीड हजारांवर इमारती गेल्या. पुढच्याच वर्षी अडीच इंचाच्या जोडणीला इंचामागे साडेसात आटे, असं प्रमाण ठरलं. ठरलं म्हणजे सगळ्यांनी पाळलं असं नाही. ऑक्टोबर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्या पेटल्या तेव्हा ओकलंडची नळकोंडी तीन इंचाची आणि मदतीला आलेल्यांच्या नळ्या अडीच इंचाच्या.

इंग्रजांनी १९४१ मध्ये, बॉम्ब पडत असताना, गावोगावची दलं एकत्र केली आणि आट्यांची कटकटच सोडली. ढकललं की खट्‌ करून बसणारी, कान ओढले की सुटणारी जोडणी त्यांनी सगळीकडे लावली. त्यांच्याकडे नळी ४५ ची असो की ७० ची, तोंड एकच, अडीच इंचाचं. आपल्याकडे तीच जात आली. आप्पा ती डोळे मिटून जोडतात. एकदा दुकानात त्यांनी दोन तोंडं आणून दाखवली: पितळेवर घासून सोनेरी झालेल्या जागा, आत रबराची कडी, बाजूला स्प्रिंगचे दोन कान. खट्‌. माझ्या गड्याला एवढं आवडलं की ठिबकच्या पाइपाला अशी जोडणी का देत नाहीत म्हणून तो कंपनीच्या माणसाशी भांडला.

मागच्या उन्हाळ्यात अमळनेरकडचा एक तरुण आला. अहिराणी बोलणारा. ‘भाऊ, बंबना पाइप भेटी का आठे?’ त्यांच्या गावात खळ्यावरच्या कडब्याच्या दोन गंजी जळाल्या होत्या, बाजूचा गोठा लोकांनी हंड्या-बादल्यांनी कसाबसा वाचवला होता. बंब तालुक्याहून येईपर्यंत राख. वर्गणी काढली होती आणि सगळ्यांचं मत पडलं होतं की सगळ्यात जाड नळी आणायची.

आप्पा खुर्ची ओढून पुढे आले. पाणी कुठे? विहीर, खळ्यांपासून शंभरेक फुटांवर. मोटर? पाच एचपी. मी कागदावर हिशेब मांडला. मिनिटाला चारशे लिटर धरले, दोन-अडीच किलो दाब मिळाला तर नशीब. ३८ ची नळी घेतली तर दाब वाटेतच संपला, तोंडाशी नुसती गळती. ६३ ची घेतली तर चारशे लिटर तिथपर्यंत जातील, आणि एवढ्या दाबाला पुढची तोटी एक माणूस धरू शकेल. विहिरीपासून खळ्यापर्यंत ६३ ची, पुढे दुभाजक लावून ३८ च्या दोन आखूड नळ्या, असं आप्पांनी सुचवलं. पोरगा लिहून घेत होता. त्याला किंमत परवडत होती, तो खूष होता.

‘लाइटचं काय?’ आप्पांनी विचारलं.

शेतीच्या फीडरला आठ तास लाइट, तीही पाळीने, काही दिवस दिवसा आणि बाकीचे रात्री. पोराने बोटं मोजली. या आठवड्यात सोमवार ते बुधवार दिवसा, पुढे रात्री अकरानंतर. गंजी पेटल्या होत्या शुक्रवारी दुपारी.

‘गावात डिझेल इंजिन आहे का कोणाकडे?’

‘आमच्या मोठ्या काकांचं शे. जुनं किर्लोस्कर. चार-पाच वर्षं झाली, कोनी फिरवलं नाही.’

आप्पांनी कागद माझ्याकडे सरकवला. ‘नळी मागवून ठेव, दोन नग, ६३. पण याच्याकडून पैसे आत्ता घेऊ नको. आधी म्हणावं इंजिन फिरवून ये, हँडल मार, धूर निघतो का बघ, आणि फोन कर.’